तळणाच्या तेलाचें बायोडिझेल

अकोला किंवा अमरावतीच्या बाजारांतून जातांना भज्यांच्या कढईचा वास आणि मालमोटारींचा धूर हीं दोन्ही आपल्या नित्य परिचयाचीं आहेत. या दोहोंत कांहीं नातें जोडतां येईल, असें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तें कसें जोडतां येतें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

डिझेल एंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल हे जर्मन यंत्रज्ञ होत. सन १९०० मध्यें पॅरिसच्या प्रदर्शनांत या जातीचें एक एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें गेलें. परंतु बियांचें तेल दाट असल्यामुळें एंजिनांत तें नीट फवारलें जात नाहीं व आंत काजळी धरते. रसायनशास्त्रानें यावर तोड काढली. शंभर भाग तेलांत सुमारें दहा भाग मिथेनॉल व किंचित् दाहक सोडा घालून मिश्रण ऊन ठेवून ढवळलें, म्हणजे खालीं ग्लिसरीन बसतें व वर पातळ द्रव राहतो. हेंच बायोडिझेल. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे; सबब हा प्रयोग घरीं कोणीं करूं नये.

याचे लाभ कोणते? याचा धूर कमी काळा असतो. यांत गंधकाचा अंश जवळजवळ नसतो. हें साध्या डिझेलइतकें चटकन् पेट घेत नाहीं. आणि यंत्राच्या भागांस वंगणाचेंही काम देतें. दोषही सांगितले पाहिजेत. याची शक्ति थोडी कमी असते, कडाक्याच्या थंडींत हें गोठूं लागतें व जुन्या रबरी नळ्या मऊ करतें. म्हणून तें बहुधा डिझेलांत मिसळून वापरतात. सन २००२ च्या अखेरीस दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी पांच टक्के मिश्रणावर चालवून पाहण्यांत आली.

आतां तेल आणावें कोठून? आपल्या वऱ्हाडांत सरकी मुबलक. पण तिचें तेल माणसें खातात, आणि देशास लागणारें निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून येतें. मुखींचा घास चाकास घालणें बरें नव्हे. सन २००३ मध्यें सरकारी समितीनें पडीक जमिनींत मोगली एरंड लावण्याची मोठी योजना सुचविली. परंतु पाणी व खत यांवांचून त्या झाडानें अपेक्षेप्रमाणें बीं दिलें नाहीं.

मग राहिलें तळणाचें तेल. तेंच तेल पुनःपुन्हा तापविल्यानें त्यांत अपायकारक द्रव्यें वाढतात. सन २०१८ पासून अशा द्रव्यांचें प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेलें तेल खाण्यास वापरण्याची मनाई आहे. त्याच वर्षीं अन्नसुरक्षा प्राधिकरणानें असें तेल गोळा करून त्याचें बायोडिझेल करविण्याचा उपक्रम आरंभिला.

पालकांस आमची विनंति एवढीच : तळणाचें काळें पडलेलें तेल पुन्हा कढईंत घालूं नका व मोरींतही ओतूं नका. आणि मुलांनो, फराळाच्या दुकानीं गेलां असतां मालकास आदरानें विचारा, “काका, उरलेल्या तेलाचें तुम्ही काय करतां?” पोटास अपाय करणारें तें तेल चाकास मात्र खुशाल चालतें.