तळ्याकाठी कोण मेलं, केव्हा मेलं?

तळ्याकाठी काही मरून पडलं की आपलं निदान तयारच असतं: "कुणीतरी विष टाकलं!" आमच्या होस्टेलमागे गप्पी आणि रंगीत माशांचं सिमेंटचं छोटं तळं आहे. मे महिन्यात एका सकाळी त्यात मोठे मासे उलटे तरंगत होते आणि मेसमधला चहा संपायच्या आत आरोपीही ठरला होता. मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगवाले. मोटर बंद पडली तर शिव्या देण्याआधी रीडिंग घेतो. मग इथेही घेऊ या की!

पहिलं रीडिंग वेळेचं. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, पण रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळचा कुजका गाळ असे सगळे मिळून तो संपवतात. म्हणून पातळी सर्वांत खाली जाते पहाटे. संध्याकाळी ठणठणीत असलेला मासा सकाळी मेलेला दिसतो तो यामुळे. त्यातही मोठे मासे आधी जातात, गप्पी पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून तग धरतात. आमच्या तळ्यात नेमकं हेच दिसत होतं. गप्पी जिवंत, काठावरचे बेडूकही जिवंत. विष असतं तर बहुधा इतकी निवड केली नसती. कारंज्याची मोटर रात्रभर चालू ठेवली, गाळ काढला, मासे मरायचे थांबले.

दुसरं रीडिंग, कोण मेलं? हवेत श्वास घेणारा पक्षी पाण्यातल्या ऑक्सिजनअभावी मरत नाही. पक्षी पडू लागले की प्रश्नच बदलतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. आधी बर्ड फ्लूची शंका आली, ती तपासणीत गळाली. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने कारण सांगितलं: बोट्युलिझम. याची साखळी मोठी विलक्षण आहे. मेलेल्या प्राण्याच्या शरीरात ऑक्सिजन नसतो, तिथे हा जिवाणू वाढतो आणि विष तयार करतो. त्या मढ्यातल्या अळ्यांना विषाचा काही त्रास नाही, पण त्या खाणाऱ्या पक्ष्याचे पंख लुळे पडतात, मान टाकून तो पाण्यात बुडतो. आता तोच पक्षी नव्या अळ्यांचं ताट! एक मृत्यू पुढच्या दहांना आमंत्रण देतो, म्हणून मढी लगेच उचलणं हाच तिथला मोठा उपाय असतो. (निळ्या-हिरव्या शेवाळाचं विषही असतं. बोट्स्वानात २०२० साली तीनशेहून अधिक हत्ती मेले, त्याला तिथल्या सरकारने हेच कारण दिलं.)

आता आपल्या नेरूळकडे येऊ. एप्रिल २०२४ मध्ये डीपीएस तलावाच्या आसपास फ्लेमिंगो एकामागोमाग मेलेले सापडू लागले. इथे पाण्यात काय आहे यापेक्षा पाणी आहे का, हे आधी बघावं लागलं. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्याने तलाव कोरडा पडत होता. पाणी आटलं की खाणं गेलं, कुत्र्यांना वाट मिळाली, आणि पक्षी रस्त्याकडे, दिव्यांकडे भरकटले. त्याच वर्षी जेट्टीजवळच्या मोठ्या फलकाला धडकूनही फ्लेमिंगो मेले होते. आणि २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर उतरणाऱ्या विमानाची धडक बसून ३९ गेले. तिन्ही बातम्या "फ्लेमिंगोंचे मृत्यू" एवढ्याच मथळ्यात बसतात, पण कारणं वेगवेगळी, आणि दुरुस्तीही वेगळी. मला यातली पाण्याच्या वाटेची दुरुस्ती सर्वांत आपली वाटते. ती सिव्हिलची आहे! एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तीस एकरांच्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली.

तर आता तळ्याकाठी मेलेला पक्षी दिसला, तर उघड्या हाताने उचलू नका. फोटो काढा, वेळ लिहा, पाण्याचा रंग आणि वास लिहा, जवळ काय जिवंत आहे तेही लिहा. एका स्वच्छ बाटलीत पाणी भरून थंड ठेवा आणि वनविभागाला कळवा. शवविच्छेदन व्हायचं असेल तर मृत पक्षी बर्फात ठेवतात, फ्रीझरमध्ये नाही, कारण गोठल्यावर पेशी फुटतात. मेसच्या फ्रीजमध्ये तर मुळीच नाही, मामा ओरडतील.