हिरवळीतील लव्हाळा

कला शाखेच्या विद्यार्थ्याची आणि लव्हाळ्याची ओळख होते ती बहुधा तुकोबांच्या अभंगातून. नम्रतेचे उदाहरण म्हणून शाळेपासून आपण त्याचे नाव घेत आलो आहोत. परंतु ज्यांच्या घरापुढे चार हात हिरवळ आहे, त्यांना त्याचा दुसरा स्वभावही ठाऊक असतो. आज उपटावा आणि आठ दिवसांनी पाहावे, तो पुन्हा तेथेच उभा, आणि शेजारी आणखी दोन! साताऱ्यात आमच्या घरापुढे पंधरा फूट रुंद व वीस फूट लांब अशी हरळीची हिरवळ आहे. गेली दोन वर्षे मी तिच्यातील लव्हाळा काढते आहे. त्या निमित्ताने जे वाचले, उकरून पाहिले आणि करून पाहिले, ते येथे क्रमाने मांडते. विषय शेतकी महाविद्यालयाचा वाटेल. पण आमच्या प्राध्यापकांपैकी काहींच्या दारातही हा पाहुणा मी पाहिला आहे. तेव्हा हा लेख अगदीच अस्थानी ठरू नये.

प्रथम ओळख. लव्हाळ्याला आपण गवत म्हणतो, परंतु वनस्पतिशास्त्र त्याला गवताच्या कुळात बसवत नाही. त्याचे कुळ मोथ्याचे, म्हणजे सायपरेसी. लिनियसने १७५३ साली त्याला सायपरस रोटंडस असे नाव दिले. तो ओळखण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवावा. बोटांना तीन कडा लागल्या की तो लव्हाळा. हरळीची काडी गोलसर असते व तिला पेरे असतात. लव्हाळ्याच्या दांड्याला पेर नसते. हरळीची पाने दोन बाजूंना निघतात, लव्हाळ्याची तीन बाजूंना. हिरवळ कापल्यावर दोन-तीन दिवसांतच जी चकचकीत पाती इतरांच्या वर डोके काढतात, ती त्याचीच. माझ्या आजीला मोतीबिंदूमुळे आता स्पष्ट दिसत नाही. तरी दूर्वा खुडताना लव्हाळ्याचे पाते हाती आले की ती बोटांनीच ओळखते आणि बाजूला टाकते.

या दूर्वांमुळेच आमचा प्रश्न थोडा अवघड झाला. लेरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातील सर्वांत त्रासदायक तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा आहे. ९२ देशांत आणि ५२ पिकांत त्याचा उपद्रव नोंदलेला आहे. दुसरा क्रमांक कोणाचा असावा? हरळीचा! म्हणजे घरापुढे हिरवळ राखणारा माणूस जगातील दुसऱ्या क्रमांकाचे तण पहिल्या क्रमांकाच्या तणापासून वाचवत असतो. शेतकरी ज्या हरळीला शिव्या देतो, तीच आपण हौसेने लावतो आणि तिचेच कोवळे शेंडे गणपतीला वाहतो. तण ही काही वनस्पतीची जात नव्हे; नको त्या जागी उगवलेली कोणतीही वनस्पती तण ठरते.

आता लव्हाळ्याचे बळ कोठे आहे ते पाहू. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी उघडीप मिळाली तेव्हा मी एका रोपाभोवती वीतभर खोल खड्डा घेतला आणि माती हाताने मोकळी केली. पानांच्या बुडाशी एक फुगीर गड्डा होता. त्यातून दोऱ्यासारखे एक खोड आडवे गेले होते. त्याच्या टोकाशी हरभऱ्याहून थोडा मोठा काळपट कंद, त्यातून पुन्हा दोरा, पुन्हा कंद. अशी सात कंदांची माळ निघाली. वर मात्र दोनच रोपे दिसत होती. बाकीचे कंद झोपलेले होते.

ही झोप समजली की लव्हाळ्याचे निम्मे कोडे सुटते. माळ अखंड असेपर्यंत टोकाकडचा कंद इतरांना फुटू देत नाही. माळ तुटली की हा अंमल संपतो आणि एकेक कंद स्वतंत्रपणे कोंब काढतो. आपण पाने धरून ओढतो तेव्हा दोरा तुटतो. रोप हाती येते आणि कंद जमिनीतच राहतात. कुदळीने किंवा खुरप्याने माती नुसती खालवर केली तरी तेच होते. म्हणून एकदा उपटून महिनाभर तिकडे न पाहणे हा लव्हाळा वाढवण्याचाच मार्ग आहे. त्याच्या बियांची मात्र फारशी भीती नाही, कारण त्या क्वचितच रुजतात. त्याचा प्रपंच सारा कंदांवर चालतो.

मग उपाय काय? याचे उत्तर मला जमाखर्चाच्या वहीसारखे वाटते. कोंब वर येतो तो कंदातील साठ्याच्या जोरावर, म्हणजे आरंभी कंदाला खर्चच असतो. पाने पुरेशी वाढली की ती हे कर्ज फेडू लागतात, आणि तीन ते सहा आठवड्यांत नवे कंद धरू लागतात. कर्ज फिटण्यापूर्वीच पाने काढली, तर खर्च तेवढा पडतो आणि जमा काहीच होत नाही. कंदावर अनेक डोळे असतात; तो पुन्हा फुटतो, परंतु दर खेपेस थोडा अशक्त. म्हणून मी दर दहा-बारा दिवसांनी हिरवळीवर बसते व खुरप्याच्या टोकाने बुडाचा गड्डा येईल इतके खोल जाऊन रोप काढते. नेम चुकवायचा नाही, एवढेच पथ्य. पावसाळ्यात ते सर्वांत कठीण जाते, कारण परीक्षा आणि लव्हाळा यांचा हंगाम एकच!

दुसरा उपाय आपल्या शेतकऱ्यांचा जुना आहे. उन्हाळ्यात जमीन नांगरून ढेकळे तापू द्यायची, म्हणजे कंद वाळून मरतात. लव्हाळ्याला पाण्याचा पूर, कापणी, तुडवणे यांचे काही वाटत नाही. पण कंदातील ओल गेली की तो संपतो. सबंध हिरवळ एकदम खणणे आम्हांला परवडणारे नव्हते, म्हणून जेथे लव्हाळा सर्वांत दाट होता ती चार फुटांची पट्टी चैत्रात घेतली. आधी तेथील हरळीच्या काड्या मुळे धुऊन कुंड्यांत लावून ठेवल्या. मग वीतभर खोल खणून, ढेकळे फोडून, हाताला लागले तेवढे कंद वेचले. तीन आठवडे पाणी बंद. दर तीन-चार दिवसांनी माती खालवर करून खालचे कंद उन्हात आणले. वळिवाचे ढग दिसले की वर ताडपत्री टाकायची, नाहीतर एका सरीने सारे कष्ट वाया जातात. खात्री करण्यासाठी उन्हात वाळलेले काही कंद आणि सावलीत ठेवलेले काही कंद मी ओल्या वाळूत पुरले. सावलीतले आठवड्याच्या आत फुटले. उन्हातल्यांपैकी एकालाही महिनाभरात कोंब आला नाही.

यानंतर लगेच हरळी लावू नये. पट्टीला एकदा भरपूर पाणी द्यावे. जे कंद जिवंत राहिले असतील ते फुटून वर येतात व आपला पत्ता सांगतात. त्यांना कंदासकट खणून काढावे. मृगाचा पाऊस पडला की मग काड्या लावाव्यात. हरळी दाट बसली म्हणजे नव्या कोंबाला जागा आणि ऊन कमी मिळते. लव्हाळ्याची पाने ऊस-मक्याच्या पद्धतीने अन्न तयार करतात. कडक उन्हात ती जोमाने वाढतात, सावलीत मात्र दुबळी पडतात. वर पातळ प्लॅस्टिक अंथरण्याचा उपाय कोणी सुचवल्यास तो सोडून द्यावा, कारण लव्हाळ्याचा टोकदार कोंब त्यातून सुईसारखा आरपार निघतो. काढलेले कंद खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, ते तेथे जगतात. आम्ही ते गच्चीवर वाळवून बंबात घालतो.

औषधाचा विचार घरी झालाच नाही असे नाही. शेजारचे काका एकदा फाटकाशी थांबून म्हणाले, "कशाला गं पाठ मोडून घेतेस? एक बाटली आण, दोन फवारे मार, विषय संपला!" त्यांचे म्हणणे अगदी निराधार नव्हते. ग्लायफोसेट पानांतून कंदापर्यंत उतरते. पण ते निवड करीत नाही. लव्हाळ्याबरोबर हरळीही जाते, आणि झोपलेल्या कंदांपर्यंत ते पुरेसे पोहोचत नसल्याने फवारा पुन्हापुन्हा मारावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याची गणना 'बहुधा कर्ककारक' पदार्थांत केली. त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांमार्फतच वापरावे, अशी अधिसूचना काढली. फक्त मोथावर्गीय तणांवर चालणारी औषधेही आहेत. हॅलोसल्फुरॉन हे उसात वापरले जाते. आमच्या घरी हा वाद आजीने एका वाक्यात मिटवला. "अगं, त्याच जागेवरच्या दूर्वा मी देवाला वाहते आणि तिथंच बाळ रांगतं. माझ्या डोळ्यांना फवारलेलं आणि न फवारलेलं कसं कळायचं?" त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. खुरपे हाती घेणे एवढेच उरले.

लव्हाळ्याची एक बाजू न्याय म्हणून सांगितली पाहिजे. आयुर्वेदात मुस्ता म्हणून ज्या कंदाला मान आहे, तो हाच. ज्वर व अतिसार यांवरील काढ्यांत तो येतो. दिवाळीच्या उटण्यातील नागरमोथाही याचा किंवा याच्या सख्ख्या भावाचा कंद. ताजा कंद चुरडला तर तो सुगंध लगेच कळतो. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात शिकार थांबवणारा दुष्यंत रानडुकरांना मोथा खुशाल उकरू द्या म्हणतो. म्हणजे तो खणून काढणारे कालिदासाच्या काळीही होते. आमच्या हिरवळीसाठी रानडुकरे मिळण्याजोगी नसल्याने ते काम मला करावे लागते, इतकेच.

दोन वर्षांनंतरचा हिशेब असा. पहिल्या पावसाळ्यात दर खेपेस अर्धे घमेले लव्हाळा निघत असे. आता ओंजळभर निघतो. खणलेल्या पट्टीत तो तुरळक आहे, न खणलेल्या भागात अधिक. यंदाच्या चैत्रात दुसरी पट्टी घ्यायची आहे. तो समूळ गेला असे मी लिहिणार नाही, कारण खोलवरचे कंद वर्षानुवर्षे वाट पाहू शकतात. पण गेल्या भाद्रपदात आजीने एकवीस दूर्वांच्या जुड्या कोणाच्या मदतीविना बांधल्या, आणि वेगळे काढलेले लव्हाळ्याचे एकही पाते तिच्या शेजारी पडलेले नव्हते.

शेवटी एक सूचना. ज्यांच्या दारात अद्याप लव्हाळा नाही, त्यांनी विकतची माती, शेणखत किंवा हिरवळीच्या तयार गाद्या आणताना एक पाटीभर माती आधी पसरून पाहावी. तीत काळा, सुवासिक, तंतू असलेला एखादा कंद आढळला, तर ती गाडी फाटकावरूनच परत पाठवावी.