संगणकाची स्मृती वाढविताना

टेबलावरचा जुना संगणक मंद चालू लागला, की नवा घेण्याचा विचार प्रथम मनात येतो. परंतु पुष्कळदा यंत्रात दोष नसतो. त्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी पडत असते. खेड्यातील शाळा, लहान पतसंस्था किंवा झेरॉक्सचे दुकान यांना रॅमची एक पट्टी वाढविणे हा पुष्कळच स्वस्त मार्ग ठरतो. मात्र पट्टी न जुळल्यास तेवढाही पैसा वाया जातो.

पहिला विचार पिढीचा. डीडीआर-३ पट्टीस २४० संपर्कबिंदू असतात. डीडीआर-४ आणि २०२० साली मानक ठरलेल्या डीडीआर-५ या दोहोंस २८८. विद्युतदाब अनुक्रमे १.५, १.२ व १.१ व्होल्ट. प्रत्येक पिढीच्या पट्टीवरील खाच निराळ्या जागी असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तेथे जोर करू नये. स्लॉट तुटला तर मदरबोर्डच बदलावा लागतो.

याहून फसवी गोष्ट वेगळीच आहे. सर्व्हरमधून काढलेल्या, 'रजिस्टर्ड' प्रकारच्या पट्ट्या जुन्या मालाच्या बाजारात स्वस्तात मिळतात. डीडीआर-३ व डीडीआर-४ मध्ये त्यांची लांबी व खाच साध्या पट्टीसारखीच असते. त्यामुळे त्या नीट बसतात, पण साधा संगणक त्यांच्यावर सुरूच होत नाही. ओळखण्याची खूण चिकटपट्टीवर असते. 'पीसी-३ १२८००' या आकड्यापुढे 'यू' हे इंग्रजी अक्षर असल्यास पट्टी साध्या संगणकाची, 'आर' असल्यास सर्व्हरची, आणि 'एस' असल्यास लॅपटॉपची आखूड पट्टी समजावी. हे एक अक्षर न वाचता केलेली खरेदी बहुधा अंगाशी येते.

त्याच चिकटपट्टीवरील १२८०० हा आकडा दर सेकंदास किती मेगाबाइट माहिती वाहते ते दर्शवितो. १६०० वेगाची पट्टी एका वेळी आठ बाइट नेते, म्हणून १२८००. दोन भिन्न वेगांच्या पट्ट्या सामान्यतः एकत्र चालतात, परंतु मंद पट्टीच्या वेगाने. तेव्हा जुन्या पट्टीशेजारी अधिक वेगाची महाग पट्टी घेण्यात हशील नाही.

मदरबोर्डची मर्यादाही पाहावी. इंटेलच्या एच-८१ चिपसेटवरील बोर्डांचे उदाहरण घेता येईल. त्यांत डीडीआर-३ चे दोन स्लॉट असून एकूण १६ जीबीपर्यंतच स्मृती चालते, म्हणजे प्रत्येक स्लॉटमध्ये जास्तीत जास्त ८ जीबी. अशा संगणकात ४ जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी घेणे उत्तम. समान जोडीमुळे दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहितीची ने-आण होते. मात्र विंडोज ३२ बिटांची असल्यास ४ जीबीपलीकडील स्मृती तिला वापरता येत नाही. ते आधी तपासावे.

किती स्लॉट भरलेले आहेत आणि वेग किती आहे, हे विंडोज १० व ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात दिसते. तरीही पेटी उघडून जुनी पट्टी दुकानात सोबत नेणे अधिक खात्रीचे. उघडण्यापूर्वी वीज बंद करून वायर काढावी व हात पेटीच्या उघड्या धातूस लावावा. नवी पट्टी बसविल्यावर मेमटेस्टसारखी चाचणी रात्रभर चालू ठेवावी. एकही चूक आढळली तर मुदत संपण्यापूर्वी पट्टी पावतीसह विक्रेत्याकडे बदलून मागावी.