पाळणाघराचा खर्च आणि अल्प उत्पन्नाचे कुटुंब

चामराजपेट ही बंगळूरची १८९२ साली आखण्यात आलेली वसाहत. एका बाजूस कृष्णराजेंद्र बाजारपेठेची गजबज आणि दुसऱ्या बाजूस म्हैसूर रस्त्याची वर्दळ, अशा या भागातून सकाळी कितीतरी स्त्रिया कामावर निघतात. कोणी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईयंत्रावर बसते, कोणी दुकानात उभी राहते, कोणी चार घरची धुणीभांडी करते. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराशी नाते जडलेल्या मराठी भाषिक कुटुंबांतील स्त्रियाही त्यांत आहेत. ज्या स्त्रीचे मूल तीन वर्षांच्या आतील आहे, तिच्या दृष्टीने नोकरी परवडते की नाही हे पगाराइतकेच मूल दिवसभर कोणाजवळ राहणार यावर ठरते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, कारखान्यातून महिन्याला १२,००० रुपये हाती पडतात आणि खासगी पाळणाघर ३,५०० रुपये घेते. दूध, खाऊ, मुलाच्या आजारपणात बुडालेले दोन दिवस धरले, तर मिळकतीचा तिसरा हिस्सा तेथेच संपतो. मुले दोन असतील तर नोकरी सोडणेच बरे, असा निष्कर्ष घरात निघतो. अथवा त्याहून वाईट म्हणजे, धाकट्याला सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीची शाळा बंद केली जाते. त्या मुलीचे नुकसान कोणत्याही पासबुकात नोंदले जात नाही.

म्हणूनच ‘पाळणाघराच्या फीसाठी सरकारी मदत खात्यात जमा होते काय?’ या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट असावयास हवे. ब्रिटनमध्ये अल्प उत्पन्न असलेल्या नोकरदार पालकांना ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ योजनेखाली बालसंगोपनाच्या खर्चाची ८५ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत, भरपाई मिळते. अशी फीची थेट भरपाई करणारी सर्वसाधारण योजना आपल्याकडे नाही. आपल्याकडील मदत मुख्यतः जागेच्या रूपाने येते : कामाच्या ठिकाणी पाळणाघर, किंवा वस्तीत सरकारी पाळणाघर. रोख रक्कम येते ती प्रसूतीच्या निमित्ताने अथवा घर चालविण्यासाठी. प्राप्तिकरातील सवलतींचा येथे विशेष उपयोग नाही, कारण ज्यांना करच भरावा लागत नाही त्यांना सवलत ती कशाची?

कामाच्या ठिकाणच्या पाळणाघराची तरतूद तशी जुनी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यास सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. या नियमात एक खोच होती. मोजणी केवळ स्त्रियांची होत असल्याने स्त्रिया कमी ठेवल्या की जबाबदारीही टळत असे. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस ही सोय बंधनकारक ठरली. मोजणीत स्त्रीपुरुष दोघेही आले आणि आईस दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून ५० कर्मचाऱ्यांची ही अट तिच्यातही आहे. प्रत्येक मालकाने स्वतंत्र पाळणाघर उभारावे असेही नाही. अनेक आस्थापनांना मिळून सामायिक सोय वापरता येते. नोकरी स्वीकारतानाच याविषयी लेखी विचारणा करणे इष्ट. मूल झाल्यावर विचारणारी स्त्री बहुधा एकटी पडते. चौघींनी मिळून विचारले तर उत्तर लवकर मिळते.

तथापि घरकाम करणारी किंवा घरी बसून उदबत्त्या वळणारी स्त्री कोणत्या आस्थापनेत मोडते? तिला या कायद्याचा आधार नाही. तिच्यासाठी २००६ साली राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. पुढे तिचे नाव राष्ट्रीय पाळणाघर योजना असे झाले, आणि २०२२ पासून ती ‘मिशन शक्ती’च्या अंतर्गत ‘पालना’ या नावाने चालते. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले तीत येतात. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून मुलामागे महिना अवघे २० रुपये घेतले जात. वरील काल्पनिक हिशेबातील ३,५०० रुपयांशी ही रक्कम ताडून पाहावी. ‘पालना’मध्ये काही अंगणवाड्यांनाच पाळणाघराची जोड देण्यात येत आहे. नेहमीची अंगणवाडी तीन वर्षांवरील मुलांच्या शिक्षणाचा भार उचलते, परंतु तिची वेळ कारखान्याच्या पाळीशी जुळत नाही आणि तान्ह्या मुलाला दिवसभर सांभाळण्याची सोय तीत नसते. त्यामुळे जवळच्या अंगणवाडीत चौकशी करताना ‘येथे पालना आहे काय’ असे नेमके विचारावे. बेळगाव, बीदरकडील नातलगांकडून ‘कूसिन मने’ या पाळणाघरांविषयी ऐकलेले असते. ती योजना कर्नाटकातील ग्रामपंचायतींची आहे, शहरात ती मिळत नाही.

आता रोख रकमेकडे वळू. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक स्त्रीस, अंशदानाची अट पूर्ण होत असल्यास, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचा प्रसूतिलाभ मिळतो. असा लाभ ज्यांना नाही, त्यांच्यापैकी पात्र स्त्रियांसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे : पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये. बाळाची जन्मनोंदणी आणि लसीकरण झाल्याशिवाय ५,००० मधील दुसरा हप्ता निघत नाही. म्हणून जन्माचा दाखला रुग्णालयातून घरी आल्यावर लगेच मिळवावा. कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना ३० ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात शिधापत्रिकेवरील कुटुंबप्रमुख स्त्रीस महिना २,००० रुपये देण्याची तरतूद आहे. एकत्र कुटुंबात ही प्रमुख बहुधा सासूबाई असतात, आणि नातवंडाला सांभाळणाऱ्याही पुष्कळदा त्याच! तेव्हा पैसे त्यांच्या खात्यात जातात यात वावगे काही नाही. फक्त ही रक्कम घरच्या हिशेबात उघडपणे धरली जावी.

बँकेच्या खिडकीशी सर्वाधिक घोटाळा होतो तो येथेच. ‘आधार तर केव्हाच दिले आहे’ असे खातेदार सांगते आणि रक्कम मात्र येत नाही. ओळख पटविण्यासाठी आधार देणे आणि अनुदान जमा होण्यासाठी खाते आधारशी जोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी खातेदाराची वेगळी संमती लागते. शिवाय आधारवर आधारित अनुदान एकाच खात्यात जाते, आणि ते म्हणजे सर्वांत शेवटी जोडलेले खाते. लग्नापूर्वीचे माहेरचे खाते, कारखान्याने उघडून दिलेले पगाराचे खाते आणि जनधन खाते अशी तीन खाती असतील, तर पैसे कोठे गेले हे आधी शाखेतून तपासून घ्यावे. कर्मचाऱ्यानेही ‘योजनेच्या कार्यालयात जा’ असे सांगण्यापूर्वी ही जोडणी पाहिली, तर त्या स्त्रीची एक दिवसाची मजुरी वाचते.

दरमहाच्या फीसाठी कर्ज काढणे मात्र टाळावे. फी दर महिन्यास पुन्हा उभी राहते आणि हप्ता तिच्या जोडीला येऊन बसतो. कर्जाची जागा वेगळी आहे : वस्तीतील एखादी अनुभवी स्त्री स्वतः पाळणाघर चालवू इच्छित असेल, तर २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. अशा अर्जासोबत किती मुलांच्या पालकांनी होकार दिला आहे, जागेचे भाडे किती, मदतनिसाचा पगार किती आणि शाळांच्या सुट्टीत मुले कमी झाल्यास हप्ता कसा भरणार, एवढे एका कागदावर लिहून न्यावे. शाखेत प्रथम हेच विचारले जाते.