पाणी नितळ आहे. पण निर्धोक आहे काय?

गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे हमरापूरचे नाव दूरवर पोहोचले आहे. या मूर्ती विसर्जनासाठी निघतात तेव्हा पावसाळा पुरता सरलेला नसतो, आणि मूर्तीबरोबर मुलेही पाण्यात उतरतात. पेणला भोगावती आहे, रोह्याला कुंडलिका. कोलाडला त्याच कुंडलिकेत पर्यटक राफ्टिंगसाठी येतात. पाण्याशी असलेले हे नाते तोडावे, असे आम्ही कोणासही सांगणार नाही. ते डोळसपणे जपावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नदीत स्नान करण्याजोग्या पाण्याची मानके केंद्र शासनाने 2000 साली अधिसूचित केली. त्यांनुसार 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची संख्या शक्यतो 500 पर्यंत असावी. 2500 ही कमाल मर्यादा होय. हे जंतू मुख्यतः विष्ठा मिसळल्याची साक्ष देतात. जेथे ते आढळतात, तेथे हगवण, विषमज्वर व कावीळ यांचे जंतूही असू शकतात. मुसळधार पावसानंतर गटारे व गोठे धुऊन येणारे पाणी नदीत मिसळते आणि धोका वाढतो.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे भान विशेष हवे. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात व चिखलात येतात आणि त्वचेवरील जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक आवरणातून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला. पुराच्या पाण्यातून चाललेल्या नागरिकांत त्यानंतर या रोगाचे रुग्ण वाढले. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना व लाल डोळे ही त्याची लक्षणे. वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास रुग्ण सहसा बरा होतो. दुखणे अंगावर काढल्यास मूत्रपिंडे, यकृत व फुप्फुसे धोक्यात येतात.

तरणतलावाचे पाणी निळेशार दिसले म्हणून ते शुद्ध ठरत नाही. घाम व मूत्र यांच्याशी संयोग होऊन क्लोरीन खर्ची पडतो. नाकाला झोंबणारा वास बहुधा त्या संयुगांचाच असतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसाराचा परजीवी तर क्लोरीनयुक्त पाण्यातही काही दिवस तग धरतो. म्हणून जुलाब झालेल्या मुलास तलावात नेऊ नये आणि पोहण्यापूर्वी साबणाने स्नान करावे.

कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यातील नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. 2024 मध्ये केरळात या आजाराने मुले दगावली. त्याच वर्षी वेळीच निदान झालेला एक मुलगा मात्र वाचला. हा रोग अत्यंत दुर्मीळ आहे. तरी साचलेल्या पाण्यात बुडी मारू नये अथवा नाकात पाणी जाऊ देऊ नये.

पालकांस आमची विनंती अशी, की जखम असताना मुलांना पाण्यात उतरू देऊ नये, पोहताना पाणी गिळू नये, असे त्यांना शिकवावे, आणि शेतात उतरताना गमबूट वापरावेत. पाण्यात उतरल्यानंतर महिनाभरात ताप आल्यास डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगावी. एवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा ठरू शकते. देणगीदारांच्या औदार्यातून उपचारांची सोय उभी राहते. तिचा लाभ रुग्णाला वेळेवर मिळावा, यासाठी घरातील जाणत्या माणसाचे साह्य आम्हास तितकेच मोलाचे वाटते.