मेण, माती आणि पत : स्वामिमलैचे एक स्थपती घराणे

तंजावर म्हटले की मराठी वाचकास भोसले घराण्याचे राज्य, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांचे स्मरण होते. त्याच कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणमजवळ, स्वामिमलै नावाचे गाव आहे. राज्ये आली आणि गेली. पण या गावाने धातूच्या देवमूर्ती ओतण्याचा व्यवसाय टिकवून धरला. सराफ वा घड्याळजी यांच्या जुन्या पेढीप्रमाणे येथेही विद्या पित्याकडून पुत्राकडे जाते आणि घराण्याचे नाव हेच मालाच्या शुद्धतेचे प्रमाण ठरते.

परंपरा व घराणे

चोल सम्राट पहिला राजराज याने बांधलेले तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्या कामावरील स्थपतींचे वंशज पुढे बाराव्या शतकात दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिराच्या उभारणीस लागले व नंतर स्वामिमलैस स्थायिक झाले, अशी परंपरा सांगितली जाते. अलीकडच्या काळात या गावातील देवसेनापती स्थपती यांचे घराणे विशेष नावारूपास आले. राधाकृष्ण, श्रीकंड व स्वामिनाथ या त्यांच्या तिन्ही पुत्रांनी पित्याचाच व्यवसाय पुढे चालविला.

कामाची रीत

मधमाश्यांचे मेण, राळ व तेल यांच्या मिश्रणातून प्रथम मूर्ती घडविली जाते. मूर्तीच्या उंचीएवढी नारळाच्या झावळीची पट्टी घेऊन, तिच्या घड्या घालून अवयवांची मापे ठरवितात. मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या बारीक गाळाचा लेप देऊन ती सावलीत वाळवितात. त्यावर जाड मातीचे थर चढवून तारेने बांधणी करतात. साचा तापविला की मेण वितळून बाहेर पडते व त्या पोकळीत तांबेप्रधान पंचधातूचा रस ओतला जातो. धातू निवाल्यावर साचा फोडावाच लागतो. त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. पुढे छिन्नी व कानस यांनी अलंकार, वस्त्रे व मुद्रा कोरल्या जातात. हे काम सोनाराच्या नाजूक हातोटीचे असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात हीच रीत वर्णिली असून, मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा याचे प्रमाणही तेथे दिले आहे. कच्च्या मालाचा हिशेब इतका जुना आहे!

जोखीम व पत

या व्यवसायाचे अर्थशास्त्र अभ्यासण्याजोगे आहे. मूर्ती बहुधा मागणीनुसार घडते. म्हणून दुकानात मांडून ठेवलेला माल थोडा असतो. धातू आधी विकत घ्यावा लागतो व कारागिरांची मजुरी मधल्या काळातही द्यावी लागते. ओतकाम साधले की फसले, हे साचा फुटल्यावरच कळते. फसल्यास धातू पुन्हा वितळविता येतो. मेणकामाचे दिवस मात्र परत मिळत नाहीत. अशा वेळी ग्राहक आगाऊ रक्कम देतो ती घराण्याच्या नावावर विश्वास ठेवून. ताळेबंदात न दिसणारी ही पत हेच येथील खरे भांडवल होय.

या पतीचे मोल २०२३ मध्ये देशास दिसले. जी-२० शिखर परिषदेसाठी नवी दिल्लीच्या भारत मंडपमपुढे उभारलेली नटराजमूर्ती राधाकृष्ण स्थपती व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविली. सुमारे २७ फूट उंच, १८ टन वजनाची ही अष्टधातूची मूर्ती मेणाच्या त्याच जुन्या रीतीने सुमारे सात महिन्यांत सिद्ध झाली.

पुढील पिढीचा प्रश्न

स्वामिमलैच्या मूर्तींस भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण लाभले आहे. नावाचे रक्षण कायदा करू शकतो, हाताचे नाही. हा हात तयार होण्यास वर्षे लागतात आणि शिक्षण घेतलेल्या मुलास नियमित वेतनाची नोकरी अधिक सुरक्षित वाटते. साखळीतील एक पिढी निसटली, तर ती विद्या केवळ ग्रंथ वाचून परत आणता येणार नाही.

म्हणून अशा उद्योगास अर्थसाहाय्य देताना केवळ तारणाचे मूल्य पाहून भागत नाही. हाती असलेली मागणी, आगाऊ रकमांची नोंद, धातूखरेदीचा हिशेब आणि घरात शिकत असलेला तरुण हात, या चारही गोष्टी पाहावयास हव्यात. कारागिरानेही हे व्यवहार बँकेमार्फत व लेखी ठेवले, तर पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली पत कागदावर उतरेल आणि पुढच्या पिढीस ती वारशाने मिळेल.