मेंदूतील पहारेकरी ओळखावे कसे?

मेंदूचे नाव घेतले की संदेश वाहून नेणाऱ्या मज्जापेशीच प्रथम डोळ्यांपुढे येतात. परंतु त्यांच्या शेजारी आणखीही काही पेशी राहतात. त्यांपैकी एक जात रोगजंतूंचा व मृत पेशींचा फडशा पाडते आणि इजा झालेली जागा स्वच्छ करते. तिला मायक्रोग्लिया, म्हणजे सूक्ष्म आधारपेशी, असे म्हणतात. मेंदूतील शंभर पेशींत सुमारे पाच ते दहा पेशी या जातीच्या असतात. त्या नेमक्या ओळखण्याचे काम मात्र दिसते तितके सोपे नाही.

रंगाने दाखविलेले रूप

मेंदूचा पातळ छेद जवळजवळ पारदर्शक असतो. रंग दिल्यावाचून त्यातील पेशींचे आकार स्पष्ट होत नाहीत. स्पेनमधील शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी सिल्व्हर कार्बोनेट वापरून छेद रंगविण्याची रीत बसविली आणि १९१९ साली या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. लहानसे केंद्रक आणि चहूकडे पसरलेल्या नाजूक फांद्या असे त्यांचे रूप उठून दिसले. मेंदूला इजा झाली की या पेशी फांद्या आखडून घेतात व गोलसर होतात, हेही त्यांनी नोंदविले.

घरचे आणि बाहेरचे

खरी अडचण येथेच सुरू होते. इजेच्या वेळी रक्तातील भक्षक पेशीही मेंदूत शिरू शकतात, आणि त्याही गोलसरच असतात. आग विझवायला धावलेल्या गर्दीत घरचा कोण व बाहेरचा कोण हे कळू नये, तशी ही स्थिती होय.

दोन्ही पेशींचे मूळ मात्र वेगळे आहे. मायक्रोग्लियांचे पूर्वज गर्भावस्थेच्या आरंभी पीतककोशातून मेंदूत येतात, असे २०१० साली उंदरांवरील संशोधनात दिसून आले. रक्तातील भक्षक पेशी जन्मानंतर अस्थिमज्जेत तयार होत राहतात. हा भेद उपचारातही महत्त्वाचा ठरतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात दिले जाणारे नॅटालिझुमॅब हे औषध श्वेतपेशींना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही. मेंदूत आधीपासून वसलेल्या पेशींना त्या अटकावाने काहीच बाधा होत नाही. म्हणून हानी कोणत्या पेशी करीत आहेत, हे जाणणे आवश्यक असते.

प्रथिनांच्या खुणा

आकाराने न उलगडणारे कोडे सोडविण्यासाठी शास्त्रज्ञ पेशीतील प्रथिनांकडे वळले. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड घेऊन त्याला चमकणारा रंग जोडतात. छेदावर ते सोडले, की ज्या पेशींत ते प्रथिन आहे त्याच पेशी उजळतात. अशा प्रथिनास ओळखखूण म्हणता येईल.

१९९६ साली जपानी संशोधकांनी वर्णिलेले ‘आयबा-१’ हे प्रथिन या कामी फार उपयोगी पडले. त्याने फांद्यांसह सबंध पेशी स्पष्ट दिसते. परंतु ते बाहेरून आलेल्या भक्षक पेशींतही असते. पुढे २०१४ साली ‘पी२आरवाय१२’ आणि २०१६ साली ‘टीएमईएम११९’ या अधिक काटेकोर खुणा पुढे आल्या. निरोगी मेंदूत त्या मायक्रोग्लियांवर आढळतात. रक्तातून आलेल्या भक्षक पेशींवर सहसा आढळत नाहीत. तथापि खुणेचा अर्थ जागेवरही अवलंबून असतो. ‘पी२आरवाय१२’ हे प्रथिन रक्तातील बिंबाणूंवरही असते, आणि रक्ताची गुठळी रोखणारी काही औषधे त्याच्यावरच कार्य करतात.

खूण पुसट होते तेव्हा

इजा झालेल्या पेशींतून बाहेर पडणारी रसायने ‘पी२आरवाय१२’ टिपते व मायक्रोग्लियाच्या फांद्या तिकडे वळविते. पेशीने रूप पालटले, की हे प्रथिन कमी होते. २०१७ साली अल्झायमर रोगाचा नमुना म्हणून वापरलेल्या उंदरांच्या मेंदूतील एकेका पेशीची जनुकीय तपासणी झाली. तीत साचलेल्या प्रथिनांच्या गाठींजवळील मायक्रोग्लियांत ‘पी२आरवाय१२’ व ‘टीएमईएम११९’ या दोहोंच्या जनुकांचे कार्य मंदावलेले आढळले.

येथे चूक होण्याचा मोठा संभव असतो. रोगट छेदात ‘टीएमईएम११९’ने उजळलेल्या पेशी थोड्या दिसल्या, तर मायक्रोग्लिया मेल्या असे वाटेल. वास्तविक त्या तेथेच असतील, फक्त त्यांची खूण पुसट झालेली असेल. उलट केवळ ‘आयबा-१’ पाहून मोजणी केली, तर बाहेरच्या पेशीही घरच्यांत धरल्या जातील.

म्हणून एकाच छेदावर निरनिराळ्या रंगांत दोन-तीन खुणा तपासतात आणि त्यांच्या जोडीला पेशीचा आकार व तिची जागाही पाहतात. उंदरांत तर मायक्रोग्लियांवर आधीच कायमची जनुकीय खूण करून ठेवता येते. मग पेशीने कितीही रूप पालटले तरी तिचे मूळ कळते. माणसात तसे करता येत नाही. त्यामुळे मानवी मेंदूच्या छेदात ‘आयबा-१’ दिसते पण ‘टीएमईएम११९’ दिसत नाही, अशी पेशी आढळली, तर तेवढ्यावरून ती परकी ठरविणे योग्य नव्हे. ती बाहेरून आलेली असेल किंवा रूप पालटलेली घरचीही असेल. निर्णय देण्यापूर्वी आणखी पुरावा मिळवावा लागतो.